सरकारी डाव

पत्र साधंच होतं, दोनदा दुमडलेलं,
खाली माणसाची सही नाही, खात्याचं नाव.
'विनंती' हा शब्द तीन वेळा,
आणि तिसऱ्या वेळी ती विनंती राहिली नव्हती.

एनिड हेस्केथने चष्मा कपाळावरून खाली ओढला,
वाचलं, व्हिनेगरच्या बाटलीखाली सारलं.
"चिप्स एक तृतीयांशाने कमी करा म्हणतायत.
बटाट्यांना कळव."
मी हसले. मी शुक्रवारी काउंटरवर असते,
सतरा वर्षांची आहे, मला कशाचंही हसू येतं.

मग काउन्सिलची बाई आली, ब्रायोनी नावाची.
फ्लीटवूडच्या वाऱ्याने ट्रामच्या पायरीवरच तिचे कागद पळवले,
त्यातले दोन अजून बंदरात तरंगत असतील.
तिच्या पिशवीत एक काटा होता
आणि एक नवा डाव, पांढऱ्या प्लास्टिकचा,
बाहुलीच्या भातुकलीतून उचलल्यासारखा.

आमचा डाव विल्फने केलेला.
मोडीत निघालेल्या ट्रॉलरचा पत्रा ठोकून,
मुठीला जाळ्याची दोरी गुंडाळून.
त्याने एक माप काढलं की पुडक्याचा कागद कण्हतो.
ब्रायोनीने ते काट्यावर ठेवलं.
पाचशे चाळीस.
ती काही बोलली नाही.
बोलली असती तर एनिडला भांडता तरी आलं असतं.

"मापात पाप नको," विल्फ म्हणायचा.
त्याला कमी घालण्याचं पाप माहीत होतं,
जास्तीचं नाही.
छप्पन्नाव्या वर्षी, इथेच, तेलाच्या कढईपाशी,
"जरा बसतो" म्हणून बटाट्यांच्या पोत्यावर बसला
आणि बसलाच.
डॉक्टरने तेव्हा जे लिहून दिलं होतं
तेच या पत्रात छापून आलंय,
एकवीस वर्षं उशिरा.
हे एनिड मला म्हणाली नाही.
तिने नवा डाव धुतला, पुसला,
जुन्याशेजारी दुसरा खिळा ठोकला.
चार घाव पुरले असते. नऊ घातले.

शुक्रवारी क्लिफर्ड टॅटरसॉल आला,
नेहमीचं घ्यायला: एक मासा, एक चिप्स.
मी पांढऱ्या डावाने घातले. पैसे तेवढेच.
त्याने पुडकं तळहातावर जरा वर-खाली केलं,
पाकिटात काही आहे की नुसतंच पाकीट,
हे पाहावं तसं.
"हं," म्हणाला, आणि गेला.

तो गेल्यावर एनिडने हात पुसले.
"त्याची बहीण जिना उतरत नाही गेली सहा वर्षं.
तो घरी जाऊन दोन ताटल्या काढतो."
मला ठाऊक नव्हतं. पत्र लिहिणाऱ्यालाही नसणार.
मी जुना डाव उचलला, कागद भरला,
ॲप्रनवरच धावले.
तो पुतळ्याच्या वळणावर सापडला.
घेताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही,
मलाही ते बरं वाटलं.

आता आम्ही विचारतो, "घरी किती जण?"
शाळेची पोरं सहा म्हणतात
आणि समोरच्या भिंतीवर बसून एकेकटी फस्त करतात.
बर्फाच्या ट्रकवाला गेथिन, देहाने चौघांएवढा,
मान खाली घालून "एक" सांगतो,
पांढरा डाव मुकाट्याने घेतो,
त्याच्या बायकोचा फोन आलाय म्हणे.
एक म्हातारी म्हणाली, "मी आणि रेडिओ."
तिला किती घालायचं यावर
आमचा दोघींचा अजून वाद चालू आहे.

नोव्हेंबरात ब्रायोनी परत आली,
भिजलेली, दिवे लागल्यावर.
फॉर्मवर दोन चौकटी: पाळले, न पाळले.
तिने दोन्ही खिळ्यांकडे पाहिलं,
पेन उघडलं, बंद केलं, खिशात टाकलं.
"मला एक चिप्स," म्हणाली.

एनिडने रीतसर विचारलं, "घरी किती जण?"

ब्रायोनी जरा जास्तच वेळ थांबली.
"एक," म्हणाली. मग, "सध्या."

तेल तडतडत होतं.
एनिडचा हात भिंतीकडे गेला,
आणि दोन खिळ्यांच्या मध्ये
तसाच राहिला.